कागदावर कोरडा झालेला झरा

बिबवेवाडीच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून दक्षिणेला डोंगराची एक लांब रेघ दिसते. लहानपणी मला तो डोंगर वाटत नसे. डोंगर म्हणजे चित्रकलेच्या वहीत काढतात तसा त्रिकोणी, आणि हा तर पट्टी ठेवून कापल्यासारखा सपाट. पुढे भूगर्भशास्त्र शिकायला घेतलं तेव्हा समजलं, की हा सपाटपणा हीच आपल्याकडच्या डोंगरांची ठेवण आहे. लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले, नंतर पाण्याने त्यांत दऱ्या कोरल्या, आणि जे कोरायचं राहिलं त्याला आपण डोंगर म्हणतो.

ही रांग सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून राजगड-तोरण्याच्या बाजूला फुटते आणि पूर्वेला निघते. सिंहगडावर ती चांगली उंच असते. मग कात्रजचा घाट, बोपदेव, दिवे घाट असं करत ती उतरत जाते आणि भुलेश्वरच्या पुढे माळरानात कधी संपली ते कळतही नाही. तिच्या उत्तरेला पडलेलं पाणी आंबील ओढ्यातून किंवा मुठेतून शहरात येतं. दक्षिणेला पडलेलं शिवगंगेतून, कऱ्हेतून नीरेला जातं. शेवटी दोन्ही भीमेलाच मिळतात, पण फार लांब जाऊन.

शिक्षण संपल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती भूजलाची पाहणी करणाऱ्या एका छोट्या कार्यालयात. नारायण पेठेत, खाली छापखाना आणि वर आम्ही. दारावर पाटी होती, ‘बसण्यापूर्वी काम सांगावे’. ती सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. सर म्हणजे कार्यालयाचे मालक. हुशार होते, तिरकस बोलत, आणि कुणाला रिकामं बसलेलं त्यांना बघवत नसे. आम्हाला एका मोठ्या पाहणीतला तुकडा मिळाला होता. कात्रज ते सिंहगड या पट्ट्यात, डोंगराच्या उत्तर उतारावर जेवढे झरे, टाकी, विहिरी असतील तेवढ्यांची जागेवर जाऊन नोंद करायची. प्रत्येक जागेसाठी एक पान. जागा, उंची, खडक कोणता, पाणी आहे की नाही, असल्यास किती, आणि खाली नोंद करणाऱ्याची सही.

माझ्याबरोबर चाचा असत. आयुष्यभर सरकारी मोजणीत त्यांनी साखळी ओढली, झेंडे धरले, जुन्या खुणांचे दगड झुडपांतून हुडकून काढले. निवृत्त झाल्यावर सरांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. भवानी पेठेत त्यांचं घर होतं. रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येत आणि डोंगरावरून उतरताना तो शर्ट माझ्या ओढणीपेक्षा स्वच्छ असे. मी पुस्तकात वाचलेलं त्यांना हाताने ठाऊक होतं. लाव्हाचा एक थर थंड झाला, की पुढचा येईपर्यंत पुष्कळ काळ मध्ये जाई. तेवढ्यात वरचा खडक कुजून त्याची माती होई. मग नवा तापलेला थर त्या मातीवर पसरला, की ती भाजून विटेसारखी लाल पडे. घाटातून जाताना कातळात जी तांबडी पट्टी दिसते ती हीच. वरच्या काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी खाली झिरपतं, या लाल थरापाशी अडतं आणि आडवं होऊन उतारावर कुठेतरी बाहेर येतं. मी हे सगळं चाचांना एकदा उत्साहाने समजावलं. ते म्हणाले, “बरोबर आहे, मॅडम. म्हणून आम्ही झरा शोधताना वर बघत नाही. लाल पट्टी धरून आडवं चालतो.”

ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही तसेच चालत राहिलो. त्या उन्हाळ्यात मला कळलं, की खालून अखंड दिसणारी रांग वर गेल्यावर अखंड नसते. टेकडी चढा, खिंडीत उतरा, पुन्हा चढा. भटकायला येणारी मुलं या टेकड्या मोजतात आणि दर वेळी त्यांचा आकडा वेगळा येतो. 

धायरीच्या मागे, डोंगराच्या कुशीत, चार-पाच घरांची एक वस्ती आहे. तिथला झरा आमच्या यादीत होता. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. मे महिना होता. लाल पट्टीच्या वर कातळाची कपार, आणि कपारीच्या तळाशी दगड रचून केलेला गुडघाभर खोलीचा खड्डा. खड्ड्यात पाणी नव्हतं. तळाला चिखल होता, तोही कडेने वाळायला लागलेला.

वस्तीतली एक बाई आमच्या मागे येऊन उभी राहिली होती. पन्नाशीची असेल. डोक्यावर पदर, हातात विळा.

“आत्ता कसं असंल पानी?” ती म्हणाली. “सकाळी आमी भरून न्हेतो. रातभर साठतंय. पहाटं या, मग बगा.”

चाचा खाली बसले. त्यांनी कपारीच्या आत हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला आणि बाहेर काढून मला दाखवला. बोटं ओली होती.

“ओल आहे, मॅडम.”

“ओल म्हणजे पाणी नाही ना, चाचा.”

“उद्या पहाटे येऊ या. मी येतो. फार तर एक दिवस जाईल.”

त्या संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये माझ्या बहिणीचा साखरपुडा होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे घरीच राहणार होते, आणि त्याच्या पुढच्या दिवशी सरांना यादी द्यायची होती. ही कारणं मी तेव्हा चाचांना सांगितली नाहीत. मी म्हणाले, “आपण जे बघितलं ते लिहायचं.” आणि पानावर लिहिलं, ‘स्थिती: कोरडा. प्रवाह: नाही.’ सही केली. चाचा शर्टाची बाही खाली करत होते. बाईने विचारलं, “काय लिवलं?” मी म्हणाले, “नोंद केली.”

साखरपुडा छान झाला. त्या पानाचा मला दुसऱ्या दिवशीच विसर पडला.

त्यानंतर तीन वर्षं गेली. माझे वडील तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि बिबवेवाडीतल्या दोन खोल्या त्यांना एकाएकी लहान वाटू लागल्या. त्यांना डोंगर दिसेल असं घर हवं होतं. एका रविवारी आम्ही दोघं धायरीत एक नवी योजना बघायला गेलो. विक्रीच्या कार्यालयात गार हवा होती आणि काचेच्या पेटीत इमारतींचा छोटा नमुना. माझ्याच वयाची एक मुलगी सगळं सांगत होती.

“सर, हा फेज वन. फेज टू वरती येणार, हिल साइडला. व्ह्यू एकदम अमेझिंग आहे.”

“वरती म्हणजे डोंगरावर?” वडिलांनी विचारलं.

“नाही नाही, पायथ्याला. ॲप्रोच रोडचं काम ऑलरेडी सुरू झालंय.”

वडिलांनी सगळी नोकरी कागदांत काढली होती. ते म्हणाले, “अहो, नमुना छान आहे. कागद बघायला मिळतील का?” ती आतून एक जाड फाइल घेऊन आली. वडील एकेक पान उलटत गेले. मी काचेतून बाहेर, डोंगराच्या त्या बाजूला पाहत होते. रस्त्यासाठी उतार कापला होता आणि कापलेल्या भिंतीत लाल पट्टी उघडी पडली होती. ती मी कुठेही ओळखली असती.

“पाण्याचा काही प्रश्न? ओढा, झरा?” वडील विचारत होते.

“टोटल क्लिअर आहे, सर. वर एक जुना झरा होता म्हणे, पण तो ड्राय आहे. रिपोर्ट लावलाय ना त्यात.”

वडिलांनी ते पान काढलं. वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं. माझं अक्षर होतं. माझी सही होती.

आम्ही त्या मुलीचे आभार मानून बाहेर आलो. वडिलांनी रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, “खरंच कोरडा होता?”

मी त्यांना सगळं सांगितलं. ओली बोटं, ती बाई, साखरपुडा. आमच्या घरात पाण्याबद्दल वेगळं काही शिकवावं लागत नाही. सार्वजनिक तळ्यातलं ओंजळभर पाणी प्यायला मिळावं म्हणून माझ्या पणजोबांच्या पिढीला मार खावा लागला होता, हे आम्हा बहिणींना अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक. घर आल्यावर वडील एवढंच म्हणाले, “आपल्या घरातल्या माणसानं कुणाच्या पाण्यासमोर ‘नाही’ लिहायचं नाही. न बघता तर नाहीच.”

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी भवानी पेठेत चाचांकडे गेले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते काठी घेऊन घरातल्या घरात फिरत होते. त्यांच्या बायकोने चहा ठेवला. मी घडलेलं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, मी सांगितलं होतं. ते म्हणाले, “रस्ता कुठपर्यंत आलाय?”

“लाल पट्टी कापली आहे. पण झऱ्याच्या बरीच पश्चिमेला.”

“मग अजून वेळ आहे. पहाटे जाऊन मोजायचं. एकदा मोजून कुणी ऐकणार नाही. दर महिन्याला मोजायचं.” काठीकडे बघून ते म्हणाले, “मी पायथ्यापर्यंत येतो. पुढे तुम्ही जा.”

पुढच्या रविवारी उजाडताना आम्ही रिक्षाने गेलो. चाचा खाली देवळाच्या कट्ट्यावर बसले आणि मी चढले. खड्ड्याभोवती तीन बायका होत्या. खड्डा काठोकाठ भरलेला होता आणि त्यात वरची कपार स्वच्छ दिसत होती. ती बाई मला बघून उठली. तिला माझा चेहरा आठवत होता.

“आलीस व्हय?” ती म्हणाली. “साहेब आलते मोजायला. म्हनले, कागदावर हितं पानीच न्हाई. म्या म्हनलं, मग ह्ये काय हाय? म्हनले, मावशी, कागदावर न्हाई. कुनी लिवलं आसं?”

बाकीच्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, “मी लिहिलं, मावशी.”

तिने शेजारचा रिकामा हंडा उचलला आणि माझ्या हातात दिला.

“भर.”

मी वाकून तांब्याने हंडा भरला. तिने तो माझ्या डोक्यावर चढवला आणि पुढे चालायला लागली. वस्ती पाच मिनिटांच्या अंतरावर होती. वाट उतरती होती, पायाखाली बारीक खडी, आणि मला डोक्यावर ओझं घेऊन चालायची सवय नव्हती. निम्मं पाणी माझ्या अंगावर सांडलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. घराशी पोचल्यावर तिने उरलेलं पाणी रांजणात ओतलं आणि म्हणाली, “आता मोज काय मोजायचं त्ये.”

मी परत वर जाऊन खड्डा उपसला, बादली लावली आणि घड्याळ धरून बसले. कपारीतून करंगळीएवढी धारसुद्धा नव्हती. थेंबामागून थेंब, तीन ठिकाणांहून. बादली भरायला पाऊण तासाच्या वर वेळ लागला. मी आकडा लिहिला, फोटो काढले, लाल थराची जाडी मोजली. खाली आले तेव्हा चाचांनी आधी आकडा विचारला आणि मग माझे ओले कपडे पाहिले.

नारायण पेठेतल्या सरांना मी सांगितलं की आपल्याला दुरुस्ती द्यायला हवी. त्यांनी पान हातात घेऊन उजेडाकडे धरलं, जणू चूक शाईत असावी.

“दुरुस्ती म्हणजे आपण चुकलो असं लिहून देणं,” ते म्हणाले. “पुण्यात लोक हे तोंडीसुद्धा करत नाहीत. आपण लेखी करायचं म्हणता?”

“सर, झरा जिवंत आहे.”

“असेल. भर दुपारी नव्हता ना? मग त्या वेळचं ते बरोबरच आहे.”

“चाचांनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं.”

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता माझ्याही लक्षात राहणार.” मग त्यांनी पान परत माझ्यापुढे ठेवलं. शेवटी म्हणाले, “तुमच्या नावाने द्या. कार्यालयाच्या कागदावर नाही. आणि मूळ नोंदवहीची नक्कल हवी तर घेऊन जा, मी बघितलं नाही.”

मी ती नोकरी त्यानंतर दोन महिन्यांनी सोडली. सरांनी काढलं नाही, पण बाहेरची कामं माझ्याकडे येईनाशी झाली आणि मला ते समजलं.

वर्षभर, दर महिन्याला एक पहाट, मी त्या झऱ्यावर गेले. पावसाळ्यात खड्डा दिसतच नसे, वरून पाणी वाहत असे. दिवाळीनंतर धार लागे, माघात ती बारीक होई, आणि चैत्रापासून नुसते थेंब. पण एकाही महिन्यात तो थांबला नाही. मावशी कधी बोलत असे, कधी नसे. एकदा तिने मला कपारीतल्या खडकाच्या पोकळ्यांत बसलेले पांढरे स्फटिक काढून दाखवले आणि विचारलं, हे काय असतं. मी सांगितलं, लाव्हा थंड होताना त्यात हवेचे बुडबुडे राहतात, पुढे पाणी त्यांत क्षार आणून भरतं आणि त्यांचे असे खडे होतात. ती म्हणाली, “म्हंजी पान्यानंच केल्यात.” मी हो म्हटलं.

दुरुस्तीचा अर्ज वडिलांनी लिहून घेतला. मी आधी जो मसुदा केला होता त्यात ‘तत्कालीन परिस्थितीत’ असे शब्द होते. त्यांनी ते खोडले. “पहिल्या ओळीत लिही, ही नोंद माझी आहे आणि ती चुकीची आहे. बाकीचं त्याखाली.” तसंच लिहिलं. बारा महिन्यांचे आकडे जोडले. चाचांनी स्वतःचं निवेदन वेगळ्या कागदावर दिलं. मोजणीदाराच्या वळणदार अक्षरात चार ओळी होत्या, की त्या दिवशी कपारीत ओल होती आणि ती त्यांनी हाताने तपासली होती. पुन्हा येण्याबद्दल आमचं जे बोलणं झालं होतं ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मी ते माझ्या अर्जात लिहिलं.

अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. वडील आपल्या जुन्या ओळखीच्या कुणाकडेही गेले नाहीत, पण दर पंधरवड्याला स्वतः जाऊन अर्ज कुठे आहे ते विचारून येत. शेवटी एक अधिकारी पाहणीला आले, सकाळी दहा वाजता. तोवर बायकांनी पाणी भरून न्यायला नको म्हणून मावशीने त्या दिवशी वस्तीला थांबवून ठेवलं होतं. अधिकाऱ्यांनी बूट काढून खड्ड्यात पाय घातला, पाणी गुडघ्यापाशी आलं, आणि त्यांनी तिथेच उभं राहून पंचनामा सांगितला.

जे झालं ते निम्मं-निम्मं झालं. वरच्या टप्प्याचा नकाशा बदलला. झऱ्याच्या भोवती आणि वर एक पट्टा मोकळा सोडावा लागला, आणि आमच्या जुन्या नोंदीला दुरुस्तीचं पान जोडलं गेलं. रस्ता मात्र झालेला होता आणि तो कुणी मागे घेतला नाही. लाल पट्टी जिथे कापली होती तिथून पाणी गळू लागलं. दोन पावसाळे ते नुसतं गटारात गेलं. मावशीच्या झऱ्याला उन्हाळ्यात आता बादलीला तासाभराहून जास्त वेळ लागतो. मी मोजलं आहे. डोंगराच्या आत पाणी एकच असतं, एका जागी वाट मोकळी केली की दुसऱ्या जागी कमी येतं. रस्त्याकडेच्या गळतीला गेल्या वर्षी वस्तीने नळीचा तुकडा लावून घेतला आणि खाली सिमेंटचं टाकं बांधलं. योजनेतल्या लोकांनी हरकत घेतली नाही. त्यांच्या बागेचा माळीही तिथूनच पाणी नेतो.

आम्ही धायरीत घर घेतलं नाही. वडील अजून बिबवेवाडीतच आहेत.

त्या मोठ्या पाहणीच्या दुरुस्त झालेल्या नकाशाची प्रत हातात आली तेव्हा मी ती चाचांना दाखवायला नेली. त्यांनी खिडकीपाशी जाऊन ती उलगडली आणि कात्रजपासून सिंहगडापर्यंत सगळी रांग बोटाने हळूहळू चालत गेले. ज्या खिंडीत आम्ही एकदा वाट चुकलो होतो तिथे थांबून हसले. धायरीच्या वर आले. निळा ठिपका होता. त्याच्याकडे बघत राहिले, मग भिंग मागवलं.

“काय झालं, चाचा?”

“ठिपका लाल थराच्या खाली टाकलाय. झरा वरच्या काठावर आहे. थोडासाच फरक आहे, पण आहे.” त्यांनी चष्मा पुसला. “परत अर्ज करावा लागेल.”

त्यांच्या बायकोने आतून विचारलं, चहा आत्ता ठेवू की थांबू. चाचा म्हणाले, “ठेव. आणि मॅडमना एक कोरा कागद दे.”